पाच काळ्या पट्ट्या आणि एक लॅपटॉप: घरच्या घरी सिंथवर पहिली रचना

“आमच्याकडे कॅसिओ आहे,” असं कुणी सांगितलं की मी विचारते, माळ्यावर की पलंगाखाली? मराठी घरांत कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड हा कॅसिओच, जशी कुठलीही फोटोकॉपी झेरॉक्स. मुलांच्या उन्हाळी क्लाससाठी घेतलेला, दोन आरत्या आणि राष्ट्रगीत बसवून झाल्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला. तो खाली उतरवायचा विचार असेल तर हे सगळं तुमच्यासाठी. पेटीवर चार भजनं वाजवता येत असतील तर उत्तम, नसतील तरी अडणार नाही.

मी दिवसभर हिशेब तपासते आणि रात्री जेवणं झाल्यावर तासभर वाजवते. पहिली दोन वर्षं मी काय केलं? आवाज बदलत बसले. बासरी, ट्रंपेट, व्हायोलिन, चर्च ऑर्गन, पुन्हा बासरी. ‘जनरल मिडी’ नावाची १२८ आवाजांची ठरलेली यादी बहुतेक कीबोर्डांत असते. तिच्यातले शेवटचे तीन आवाज म्हणजे हेलिकॉप्टर, टाळ्या आणि बंदुकीची गोळी. मी तिथपर्यंत पोचले होते, पण एक रचना पुरी झाली नव्हती. मग स्वतःलाच अट घातली: आवाज चारच, तेही स्वतः घडवलेले, राग एक, आणि तीन मिनिटांत संपवायचं. पहिली रचना त्या अटीत पुरी झाली. खाली तीच अट पाळली आहे.

आधी कीबोर्ड तपासा

चादर सोडली की पहिली चूक अडॅप्टरची होते. घरात सापडलेला, टोक बसतंय म्हणून कुठलाही लावू नका. अनेक जुन्या कॅसिओंना ९ व्होल्टचा, मध्यभागी ऋण असलेला अडॅप्टर लागतो, तर यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डांना १२ व्होल्टचा, मध्यभागी धन असलेला. टोक दोन्हींचं सारखंच दिसतं. कीबोर्डाच्या पाठीवर वर्तुळाचं छोटं चित्र असतं, ते अडॅप्टरवरच्या चित्राशी जुळवून पाहा. मी पाहिलं नव्हतं. एक बारीकसा वास आला, आणि भावाचा कॉलेजातला कीबोर्ड गेला तो गेलाच. खालचा बॅटरीचा कप्पाही उघडा. आत वर्षानुवर्षं सेल राहिले असतील तर पांढरी पावडर दिसेल. ती खरवडल्याशिवाय काही जोडू नका.

मग आवाज मध्यम ठेवून डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी दोनदा दाबा, एकदा हळू, एकदा जोरात. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला तर कीबोर्डला ‘टच’ नाही. शिकायला चालतो, पण बोटांचं वजन सुरात उतरणार नाही. मधली एखादी पट्टी मुकी असेल किंवा एकदम ओरडत असेल तर घाबरू नका. पट्टीखाली रबराची टोपी आणि काळा कार्बनचा ठिपका असतो, त्यावर धूळ किंवा ओल बसते. कोकणात पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. उघडता येत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने अलगद पुसा. येत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, हे काम मोठं नाही.

नवीन घ्यायचा असेल तर ६१ पट्ट्या, टच, यूएसबी आणि शक्यतो डावीकडे पिच बेंडचं (सूर वर-खाली वाकवणारं) चाक, एवढंच पाहा. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत आणि कॅसिओच्या ‘आयएन’ मॉडेलांत तबला-तंबोरा भरलेला मिळतो. त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही, कारण तंबोरा आपण खाली स्वतःच करणार आहोत. जागा आणि खिसा दोन्ही लहान असतील तर २५ पट्ट्यांचा मिडी कंट्रोलर घ्या. त्याला स्वतःचा आवाज नसतो, तो फक्त लॅपटॉपला निरोप देतो.

पेडल असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची उलट-सुलट बाजू ओळखतात. तेव्हा पाय पेडलवर असेल तर सगळं उलटं होतं: पाय उचलला की सूर लांबतो, दाबला की तुटतो. बंद करा, पाय बाजूला घ्या, पुन्हा चालू करा.

टेबल, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू

कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं. जेवणाचं टेबल बहुधा उंच पडतं. खुर्चीवर उशी घेणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

हेडफोन लावला की कुणाला त्रास नाही असं मी समजत होते. एका रविवारी खालच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, रात्री अकराला काय ठोकत असतेस?” त्यांना सूर ऐकू जात नव्हता. प्लास्टिकच्या पट्ट्यांची ठकठक टेबलाच्या पायांतून त्यांच्या छतावर उतरत होती. टेबलाच्या चारही पायांखाली घडी केलेलं सतरंजीचं कापड आणि त्याखाली रबराचा तुकडा घातला. तक्रार गेली. हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथमध्ये आवाज इतका उशिरा येतो की वाजवणंच अशक्य होतं.

लॅपटॉपला जोडणी

मागची चौकोनी यूएसबी खाच प्रिंटरची असते तशीच असते, त्यामुळे प्रिंटरची केबल चालते. खाच मोबाइलसारखी असेल तर केबल नुसत्या चार्जिंगची नाही ना, ते बघा. तशा केबलने लॅपटॉपला कीबोर्ड दिसतच नाही आणि माणूस तासभर सेटिंग चाळत बसतो. जुन्या कीबोर्डाला पाच टाचण्यांच्या गोल खाचा असतील तर यूएसबी-मिडी केबल घ्या. ‘इन’ लिहिलेलं टोक कीबोर्डाच्या ‘आउट’मध्ये जातं. काही केबलींवर नावं उलट असतात, तेव्हा चाललं नाही तर टोकं बदलून बघा.

या तारेतून आवाज जात नाही, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं होतं. जातं ते नोटेशन: कुठली पट्टी, कधी दाबली, किती जोराने (० ते १२७), कधी सोडली. ही मिडीची भाषा १९८३ मध्ये आली, आणि तेव्हाचा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपशी बोलू शकतो. म्हणून एकदा वाजवलेली सुरावट नंतर कुठल्याही आवाजात ऐकता येते, चुकलेला एक सूर उचलून जागेवर ठेवता येतो.

सॉफ्टवेअर दोन लागतात. एक रेकॉर्डिंगचं: मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे, विंडोजवर मी रीपर वापरते. ते ६० दिवस पूर्ण चालतं, पुढे घरगुती लायसन्स ६० डॉलरला. दुसरं म्हणजे सिंथ, आवाज घडवणारं. सर्ज एक्सटी घ्या, ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर ऑडिओ सेटिंगमधला ‘बफर’ कमी करा. ४८,००० सॅम्पल दराला २५६ चा बफर म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद, तो बोटांना कळत नाही. १०२४ चा म्हणजे २१, तो अडखळवतो. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ ड्रायव्हर लागतो. आवाज फुटायला लागला तर बफर थोडा वाढवा. दोन-दोन आवाज येत असतील तर कीबोर्डाचा स्वतःचा आवाज शून्यावर न्या. हेडफोनमध्ये बारीक गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तिथेच थांबते.

पहिला आठवडा: पांढऱ्या पट्ट्यांना हात नाही

फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत असतात: दोनच्या गटातल्या काळी एक आणि दोन, तीनच्या गटातल्या काळी तीन, चार, पाच. काळी तीनला सा धरा. मग काळी चार रे, काळी पाच ग, वरची काळी एक प आणि काळी दोन ध. हा भूप. एकही चुकीचा सूर लागण्याची सोय नाही. पेटी कधी न शिवलेल्या माझ्या भाच्याने दहाव्या मिनिटाला ऐकण्यासारखं काहीतरी वाजवलं.

‘सा रे ग, प ग, ध प ग, रे सा’ एवढंच आठवडाभर. गावर थांबा, तो वादी, म्हणजे या रागाचा मुख्य सूर आहे. मेट्रोनोम लावू नका, आवाजही बदलू नका.

आवाज पहिला: तंबोरा

मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवते. सिंथ म्हणजे काय ते या एका आवाजात कळतं.

सर्जमध्ये ‘इनिट’ नावाचा कोरा आवाज उघडा. करवतीच्या दात्यांसारखी लहर निघेल, ‘सॉ’ म्हणतात ती. ऐकायला कर्कश, पण तिच्यात सगळे स्वरांश (मूळ सुरात मिसळलेले वरचे बारीक सूर) भरलेले असतात, म्हणून कोरायला चांगली. दुसरा ऑसिलेटर, म्हणजे लहर काढणारा भाग, चालू करा, तोही सॉ, आणि त्याला ५ सेंट चढवा. सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. काळी तीनचा मधला सा १८५ हर्ट्झचा. ५ सेंटांनी दोन लहरींमध्ये अर्ध्या हर्ट्झचा फरक पडतो, म्हणजे साधारण दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो आणि ओसरतो. घड्याळ लावून मोजून बघा. दोन तारा ‘जवळजवळ’ मिळाल्या की जे होतं ते हेच.

आता फिल्टर. लो-पास (वरचे स्वरांश कापणारा) निवडा आणि कटऑफ, म्हणजे जिथून कापायचं ती रेघ, ८०० हर्ट्झच्या आसपास आणा. करवत बोथट होते, कंबल टाकल्यासारखी. रेझोनन्स, म्हणजे त्या रेघेजवळचा उठाव, तीसेक टक्के.

मग एन्व्हलप, म्हणजे सुराचा जन्म ते मरण. पेटीत भाता चालू असेपर्यंत सूर तसाच राहतो. तार छेडली की तो लगेच उमटतो आणि सावकाश विरतो. उमटायला लागणारा वेळ म्हणजे अ‍ॅटॅक, मग उतरायला लागणारा डिके, पट्टी दाबून ठेवल्यावर टिकणारी पातळी सस्टेन, सोडल्यावर विरायला लागणारा वेळ रिलीज. म्हणून अ‍ॅटॅक १० मिलिसेकंद, डिके ४ सेकंद, सस्टेन शून्य, रिलीज ३ सेकंद.

एवढ्यावर आवाज गिटारसारखा वाटतो, तंबोऱ्यासारखा नाही. राहिली जवारी. मिरजेच्या तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की छेडल्यानंतर क्षणभराने सूर आतून उमलतो, वरचे स्वरांश एकेक करून उघडतात. म्हणजे तेज वाढतं ते छेडल्यानंतर. तेच फिल्टरला सांगायचं: फिल्टरच्या एन्व्हलपचा अ‍ॅटॅक ६०० मिलिसेकंद, डिके ३ सेकंद, आणि तो कटऑफला दीड-दोन सप्तकं वर ढकलेल एवढा जोर. आता छेडा. सूर आधी दबका येतो, मग उघडतो, मग मिटतो. हुबेहूब तंबोरा म्हणता येणार नाही, पण नातं कळतं. मला हुबेहूबपेक्षा हेच जास्त आवडतं.

वाजवायचा क्रम: मंद्र प, सा, सा, खर्ज सा. म्हणजे खालची काळी एक, मधली काळी तीन दोनदा, मग खालची काळी तीन. मिनिटभर हाताने वाजवून रेकॉर्ड करा आणि मात्रांवर बसवू नका. खरा तंबोरा तालात वाजत नाही. त्याची चाल तालापेक्षा वेगळी ठेवली की रचना श्वास घेते.

गंधार थोडा उतरवा

तंबोरा चालू ठेवून काळी पाच धरा. काहीतरी खुपतंय ना? कीबोर्डावर सप्तकाचे बारा सारखे तुकडे असतात, शंभर-शंभर सेंटांचे. त्यात ग ४०० वर येतो, आणि तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा ग ३८६ वर असतो. पेटीवरचा जुना रोष हाच. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं ते तीन दशकं उघडलं नाही, त्यामागे हेही एक कारण होतं. आपल्या हातात मात्र उपाय आहे.

अनेक कीबोर्डांत ‘स्केल ट्यून’ असतं. काळी पाच १४ सेंट उतरवा, काळी दोन १६ उतरवा, काळी चार ४ चढवा, काळी एक २ चढवा. काळी तीन जागेवर. सर्जमध्ये हेच ट्यूनिंगच्या मेनूतून, स्काला पद्धतीच्या साध्या फाईलने होतं. मात्र सप्तक कुठल्या पट्टीपासून मोजायचं तेही तिथे सांगावं लागतं, नाहीतर ते पांढरी एकपासून मोजतं. धैवत कानाने ठरवा. मी तो कधी कधी १६ ऐवजी १० वरच सोडते.

आवाज दुसरा: सुरावट, आणि मींड

चौकोनी लहर, कटऑफ दीड हजार हर्ट्झच्या आसपास, अ‍ॅटॅक ३० मिलिसेकंद, सस्टेन पूर्ण. ‘मोनो’ करा, एका वेळी एकच सूर. जोरात दाबलं की फिल्टर थोडा जास्त उघडेल असं जोडून ठेवा, म्हणजे बोटाचं वजन आवाजात येईल.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पिच बेंडच्या चाकाने काढतात. चाक सहसा दोन पट्ट्यांएवढं वाकवतं. भूपात ग ते प आणि ध ते वरचा सा हे अंतर तीन पट्ट्यांचं (काळ्या-पांढऱ्या धरून), म्हणून बेंडची मर्यादा ३ करा.

आता युक्ती. ग वरून प वर जाताना बहुतेक जण ग दाबून चाक वर ढकलतात आणि प च्या अलीकडे-पलीकडे घसरतात. उलट करा. आधी चाक पूर्ण खाली ओढा, मग प दाबा. ऐकू येईल ग. आता चाक हळूहळू सोडा. आतली स्प्रिंग त्याला मधोमध आणून थांबवते, आणि तुम्ही बरोबर प वर उतरता. वेग तुमचा, मुक्काम स्प्रिंगचा. पंधरा दिवस लागतात, पण नंतर हात आपोआप तसाच जातो.

ज्यांच्याकडे चाक नाही त्यांनी सिंथमध्ये ‘पोर्टामेंटो’ ८० ते १२० मिलिसेकंद ठेवावा आणि सूर एकमेकांत अडकवून वाजवावेत. मुंबईचे स्टुडिओ-वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवले. त्यातल्या टीबी-३०३ या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही; २०१० मध्ये ते ध्वनिमुद्रण पुन्हा बाजारात आलं आणि जगभर ऐकलं गेलं.

तिसरा आणि चौथा: डग्गा, चाट

तबल्याची नक्कल करू नका, फसते. घुमारा आणि टिचकी एवढं पुरे. डग्ग्यासाठी साधी गोल साइन लहर, खालच्या काळी तीनवर (९२.५ हर्ट्झ), आणि तिचा सूर २०० मिलिसेकंदांत तीन पट्ट्या वर चढेल असा एन्व्हलप. तळव्याने दाबलेला घिस्सा ऐकू येतो. चाटेसाठी नॉइज (नुसता खसखसाट), हाय-पास (खालचं कापणारा) फिल्टर आणि ४० मिलिसेकंदांचा डिके.

केरवा घ्या: धा गे ना ति, न क धि ना. डग्गा फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. मधल्या मात्रा मोकळ्या सोडा, तिथे सुरावटीला जागा मिळते. वेग ९६, चार-चारचा बार, मात्रा अर्ध्या ठोक्याची. एक बार म्हणजे एक आवर्तन, अडीच सेकंदांचं. वाजवून झाल्यावर ‘क्वांटाइझ’ (ठोके आपोआप मात्रांवर सरकवणं) शंभर टक्के करू नका, साठ-सत्तर पुरे. पूर्ण केलं की लग्नाच्या वरातीतल्या मशीनसारखं होतं.

७२ आवर्तनं

अडीच सेकंदांची ७२ आवर्तनं म्हणजे बरोबर तीन मिनिटं. मी अशी मांडते: पहिली ८ नुसता तंबोरा. पुढची १६ त्यावर ठेक्याशिवाय सुरावट, बहुतेक मंद्र आणि मध्य सप्तकात. मग १६ ठेक्यासह. नंतर ८ सुरावट गप्प, नुसता ठेका. कान इथे ताजा होतो. पुढची १६ वरच्या सा पर्यंत. शेवटची ८ ठेका काढून पुन्हा तंबोरा.

सुरावट एका दमात वाजवा, तुकडे जोडू नका. पाच-सहा वेळा घ्या, एक निवडा. चुकलेला एखादा सूर मिडीत सरकवला तर पाप लागत नाही, पण चाळीस सूर सरकवावे लागत असतील तर सातव्यांदा वाजवणं सोपं पडतं.

मिक्सिंगला जास्त वेळ देऊ नका. तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्गा दोन्ही ९२ हर्ट्झच्या आसपास आहेत, एकमेकांना गिळतात. तंबोऱ्याचा ८० ते १२० हर्ट्झचा पट्टा ४ डेसिबल उतरवा. सुरावट मध्यभागी, चाट थोडी उजवीकडे. एकूण पातळी उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. मग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. डग्गा गायब झाला असेल. कारण इतका खालचा सूर मोबाइल काढूच शकत नाही, आणि साइनमध्ये वरचे स्वरांश नसतात की ज्यांवरून कान अंदाज बांधेल. डग्ग्यावर किंचित डिस्टॉर्शन चढवा, घरंगळत परत येईल. शेवटी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाईल काढा आणि तारखेच्या नावाने दोन ठिकाणी ठेवा.

त्याच फाईलमधून दुसरी रचना

आता सगळ्यात सोपं काम. त्या फाईलची नक्कल करा, स्केल ट्यून शून्यावर न्या, सुरावटीच्या मिडीला हात लावू नका. फक्त तंबोरा बदला: सा काळी तीनवरून काळी पाचवर आणा, आणि पहिल्या तारेला पंचमाऐवजी मध्यम, म्हणजे काळी दोन, द्या. डग्गाही काळी पाचच्या साला मिळवा. त्याच पाच काळ्या पट्ट्या आता सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी झाल्या: मालकंस. काळी एकला सा धरलात तर दुर्गाचे सूर, काळी दोनला धानीचे, काळी चारला मेघाचे. अर्थात भूपाच्या चलनाने मालकंस उभा राहत नाही, सुरावट पुन्हा वाजवावीच लागेल. पण आधी एकदा जुनीच सुरावट नव्या तंबोऱ्यावर, दिवा मालवून, हेडफोन लावून ऐका. मगाशी ज्या काळी पाचवर गंधार म्हणून थांबला होतात, तोच सूर आता घरी आल्यासारखा सा वर टेकतो.